खुलासा: रुबीतलं रिफाइनमेंट ब्लॉकपुरतं नसतं

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत आधीच्या क्लासला ठराविक जागेपुरत्या नव्या मेथड (फंक्शन) जोडता येतात, त्याला रिफाइनमेंट म्हणतात; ‘यूझिंग’ लिहिलं की ते तिथे लागू होतं. लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) तिच्या फाइलमध्ये ‘यूझिंग’ लिहिलं की आपण तिला दिलेल्या डू-एंड ब्लॉकमध्ये, म्हणजे ‘डू’ आणि ‘एंड’मधल्या कोडमध्ये, नव्या मेथड आपोआप चालतात, असं मी परवा ग्रुपवर लिहिलं होतं. ते चूक आहे, आणि चूक माझीच.

काल करून पाहिलं. एका फाइलमध्ये रिफाइनमेंटने इंटीजरवर (पूर्णांकांवर) ‘मिनिटे’ ही मेथड, यूझिंग आणि ब्लॉक चालवणारी ‘वेळापत्रक’ ही मेथड. दुसरीत फक्त ‘वेळापत्रक डू’, खाली ‘५.मिनिटे’, मग ‘एंड’. लगेच नोमेथडएरर, म्हणजे ‘अशी मेथड नाही’. ब्लॉक दुसऱ्या ऑब्जेक्टवर चालवणाऱ्या इन्स्टन्स-इव्हॅलनेही फरक पडला नाही. त्याने सेल्फ (कोड ज्या ऑब्जेक्टवर चालतो तो) तेवढा बदलतो. कोड कुठून चालवलाय हे रिफाइनमेंट बघत नाही, कुठे लिहिलाय ते बघतं. ब्लॉक तुमच्या फाइलमधला, तर यूझिंगही तिथेच हवं. ते त्या ओळीपासून फाइल संपेपर्यंत लागू राहतं, रुबी २.१ पासून क्लासच्या आतही लिहिता येतं, मग त्या क्लासच्या एंडपर्यंतच. मेथडमध्ये मात्र रुबी लिहूच देत नाही.

घोळ का होतो तेही सांगतो: रिफाइनमेंटच्या मूळ प्रस्तावात इन्स्टन्स-इव्हॅलच्या ब्लॉकमध्येही ते लागू होण्याची सोय होती, २०१३ च्या रुबी २.० मध्ये ती आली नाही. जुने लेख वाचून मीही फसलो.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा चिकटवा.