चकाकी घालवायला पार्ट ॲसिडमध्ये बुडवू नका

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तिघांनी पाठवला. "क्रोम असो, स्टेनलेस असो, ॲल्युमिनियम असो, पार्ट रात्रभर टॉयलेट क्लीनरमध्ये बुडवा. सकाळी कंपनीसारखं मॅट फिनिश. आतला अस्सल धातू उघडा पडतो, म्हणून गंज धरत नाही. घरातलीच वस्तू, धोका नाही." सोलापुरात पोरं हे करून बसलीत, म्हणून लिहितोय.

हौस मला समजते. एप्रिलच्या उन्हात सात रस्त्यावरून गाडी काढली की हँडलची तिरीप थेट डोळ्यात येते.

पण मॅट फिनिश येतच नाही. परवा शेजारचा पोरगा अक्कलकोट रोडला माझ्या वर्कशॉपात हँडल घेऊन आला. "काका, पिवळं पडलं की हो." वाकणाजवळ पिवळसर झाक होती, तीही चकचकीत, आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी ठिपके. चोळलं तर अंगठ्याला गंज लागला. हँडलवर क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास भरतो. क्रोमखाली निकेल, त्याखाली लोखंड. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये सुमारे 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते क्रोम झटकन खातं, निकेल सावकाश. मग उरतं ते पिवळसर निकेल, आणि तेही चमकतंच. चमक मरते ती पृष्ठभाग बारीक खडबडीत होऊन उजेड विखुरला तरच.

गंजाचं तर उलटंच आहे. लोखंडाला झाकून ठेवतं ते निकेल, आणि त्यातल्या बारीक छिद्रांतून ॲसिड खाली उतरतं. स्टेनलेसचं रक्षण क्रोमियम ऑक्साईडचा न दिसणारा थर करतो. ॲसिडातलं क्लोराईड तोच फोडतं आणि टाचणीच्या टोकासारखे खड्डे पाडतं. ॲल्युमिनियम फसफसून झिजतं, काळवंडतं.

"धोका नाही" हे वाचून मात्र मला खरंच राग आला. त्या पोराच्या न्हाणीतल्या लोखंडी कडीला नुसत्या वाफेनं गंज चढला होता. तीच वाफ घरातल्यांच्या छातीत जाते. त्यात ब्लीच सांडलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. कडक पोलादाचे बोल्ट, स्प्रिंग ॲसिडमध्ये ठेवले तर हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात आणि पुढे ताण आला की अचानक तुटतात.

मग करायचं काय? स्टेनलेससाठी नवी हिरवी घासणी, साबणाचं पाणी आणि एकाच दिशेनं हलका हात. घासणी नवीच हवी. जुनीत लोखंडाचे कण अडकलेले असले तर ते स्टेनलेसवर गंजतात. लोखंडी काथ्या त्याच कारणानं नको. क्रोमवरचं तेल आधी पुसून काढा, 400 नंबरच्या वॉटर पेपरनं ओलं घासा, चमक मेली की थांबा. मग धुऊन, पूर्ण वाळवून एच प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला हात, आणि वर मॅट रंग. तासाभराचं घासकाम आहे, शिवाय रंग वाळायला वेळ.

मागावरच्या पार्टांना चालेल का, असंही एका लूमवाल्यानं विचारलं. त्यांना घासणीसुद्धा लावू नका. फणीच्या, म्हणजे ज्यातून उभे धागे जातात त्या मागावरच्या कंगव्याच्या, तारा गुळगुळीत ठेवलेल्या असतात त्या सुतासाठी. तिथे ओरखडा उठला की ताण्याचा (उभा) धागा पिंजतो आणि तुटत राहतो.