तुर्क म्हणजे नुसती तलवार?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘तुर्की वंशाचे लोक म्हणजे घोडा आणि तलवार. बोलण्याची कला त्यांनी इराण-अरबस्तानातून उचलली. स्वतःचं म्हणाल तर नुसतं पाठांतर, तेही आता संपलं.’ एकेक मुद्दा घेऊ.

उचलली? मंगोलियात ओरखोन नदीच्या खोऱ्यात कुल तिगिन या तुर्क राजपुत्राचा शिलालेख आहे, साल 732. तुर्क मोठ्या संख्येने मुसलमान झाले ते यानंतर दोनेकशे वर्षांनी. दगडावर कोरलंय ते चक्क भाषण. तुर्कांचा सम्राट बिल्गे कागान बजावतो, माझं बोलणं नीट ऐका. चिन्यांच्या गोड शब्दांना आणि मऊ रेशमाला भुललात म्हणून प्रजेलाच झापतो. वर, तुमच्यासाठी रात्री झोपलो नाही की दिवसा बसलो नाही, हेही ऐकवतो. प्रचारसभेत आजही खपेल! फारसीचा प्रभाव पडला, हे मात्र खरं. 1069-70 मधलं ‘कुतद्गु बिलिग’ हे तुर्की काव्य फारसी वळणाच्या छंदात आहे. पण ते तीन शतकांनंतरचं.

घोडा-तलवार म्हणाल, तर कझाख हेही तुर्की वंशाचेच; त्यांच्या गवताळ प्रदेशात तंटे सोडवायचे ‘बी’ म्हणजे पंच, तेही तोंडी. हा मान मुख्यतः वाक्चातुर्य आणि निःपक्षपात यांवर मिळायचा. तोले, काझिबेक, आयतेके या तीन बींची नावं कझाख माणूस अजूनही एका दमात घेतो.

पाठांतराचा आरोप तर सगळ्यात पोकळ. कझाख आणि त्यांचे तुर्की भाऊबंद किरगिझ यांच्या ‘आयतिस’मध्ये दोन ‘अकिन’ म्हणजे शाहीर दोंब्रा किंवा कोमुझ ही तंतुवाद्यं घेऊन समोरासमोर बसतात आणि जागच्या जागी कवनं रचून एकमेकांना डिवचतात. उत्तर सुचलं नाही की हरलात. तिथे पाठ केलेलं काय कामाचं? तुर्कस्तानचे ‘आशिक’ म्हणजे तिथले लोकशाहीर तर याहून अवघड खेळ खेळतात. ओठांत टाचणी धरून गायचं, म्हणजे प, ब, म, फ, व असलेला एकही शब्द चालत नाही. आपल्याला तर ‘मी पावभाजी मागवली’ एवढंही म्हणता येणार नाही. ते मात्र याच अटीवर प्रतिस्पर्ध्याला उत्तर देतात.

आणि संपलं? सोव्हिएत काळात कला दबली; झांबिलसारख्या मोठ्या अकिनाने स्टालिनची स्तुती गायली, हे झाकायचं कारण नाही. पण 1980च्या दशकात कझाख टीव्हीवर आयतिस पुन्हा रंगू लागला. 2015 मध्ये कझाखस्तान आणि किरगिझस्तानच्या संयुक्त प्रस्तावावर युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं. आजच्या अकिनांच्या कवनांत भ्रष्टाचार येतो, अधिकाऱ्यांना टोमणे असतात, आणि त्या टोमण्यांनाच सभागृहात टाळ्या पडतात.