‘प्रजाती जास्त तर स्थैर्य जास्त’ या वाक्यावरील आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचून मी मूळ लेखही पुन्हा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे: ‘जितक्या प्रजाती जास्त, तितकी परिसंस्था स्थिर’ हे माझे विधान भाबडे आहे, परिसंस्थांचा गणिती अभ्यास करणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्येच गणिताच्या आधारे याच्या उलट दाखवून दिले होते, मोजक्याच वृक्षांची खारफुटी टिकून राहते, तर प्रजातींनी गजबजलेले विषुववृत्तीय अरण्य एकदा तोडले की पुन्हा सहजी उभे राहत नाही, आणि पोषकद्रव्यांचे म्हणाल, तर ती खताच्या पोत्यातूनही देता येतात. पहिला आक्षेप मला मान्य आहे, शेवटचा मुळीच नाही. मधल्या दोहोंतली माहिती खरी असली, तरी तिच्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

मे यांच्या मांडणीत प्रजातींमधले संबंध यदृच्छया जोडलेले होते. अशा जाळ्यात प्रजाती आणि संबंध वाढत गेले, की छोटासा धक्काही शमण्याऐवजी पसरत जाण्याची शक्यता वाढते. गणितात काही चूक नाही. प्रश्न एवढाच, की स्थिर राहायचे ते नेमके काय? अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सीडर क्रीक येथे डेव्हिड टिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवताळ जमिनीचे तुकडे वर्षानुवर्षे मोजले. १९८७-८८ च्या दुष्काळात प्रजातिसमृद्ध तुकड्यांचे उत्पादन साधारण निम्म्यावर आले, तर एकदोनच प्रजाती उरलेल्या तुकड्यांचे सुमारे एक अष्टमांशावर. यावर आपल्यासारखाच चोख आक्षेप तेव्हाही घेतला गेला: ते तुकडे नत्रखत घातल्यामुळे प्रजातींना मुकले होते, मग दोष खताचा की प्रजाती कमी असण्याचा? म्हणून १९९४ मध्ये १, २, ४, ८ आणि १६ प्रजाती यदृच्छया निवडून नवे तुकडे पेरण्यात आले. दशकभरानंतर दिसले ते असे, की प्रजाती जास्त असलेल्या तुकड्यांत एकेका प्रजातीचे प्रमाण अधिक वरखाली होत होते, पण एकूण उत्पादन मात्र वर्षागणिक अधिक समतोल राहत होते. एक गवत कोरड्या वर्षी मागे पडले, की दुसरे त्याची जागा आणि त्याच्या वाट्याचे नत्र उचलते. मे यांचा इशारा एकेका प्रजातीपुरता लागू पडतो. माझ्या लेखाचा विषय एकूण कारभार हा होता, आणि ते मी स्पष्ट लिहायला हवे होते.

नुसती संख्या पुरत नाही, हा आपला मुद्दा मी आपल्यापेक्षाही ठामपणे मांडेन. ऑस्ट्रेलियात शेणकिड्यांच्या शेकडो देशी प्रजाती आहेत. त्या कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या, लहान लेंड्यांना सरावलेल्या होत्या. गायीगुरे आणल्यावर ओल्या शेणाचे पो जागच्या जागी वाळून कडक होऊ लागले. खालचे गवत गुदमरले, नत्र जमिनीत मुरण्याऐवजी बरेचसे हवेत उडाले आणि शेणात वाढणाऱ्या माश्यांचा सुळसुळाट झाला. शेवटी १९६० च्या दशकापासून मुख्यतः आफ्रिका आणि युरोपातील शेणकिडे आणून सोडावे लागले. प्रजाती भरपूर होत्या. त्या विशिष्ट कामाला मात्र कोणी नव्हते. (कीटकाला इतके महत्त्व दिल्याबद्दल मला पूर्वीही बोलणी बसली आहेत.)

अरण्याचे उदाहरण आपण माझ्याविरुद्ध दिले आहे, पण ते माझ्याच बाजूने बोलते. विषुववृत्तीय अरण्यांची जमीन बहुधा निकस असते. स्फुरद, पालाश, चुना यांचा मोठा साठा खोडांत, पानांत आणि मुळांत असतो. गळलेले पान बुरशी, वाळवी आणि जिवाणू झपाट्याने कुजवतात आणि वरवर पसरलेली मुळे सुटलेले द्रव्य वाहून जाण्याआधीच टिपून घेतात. तरीही थोडी गळती होतेच. ॲमेझॉनमधील स्फुरदाची अशी तूट काही अंशी सहारातून उडत येणारी धूळ भरून काढते, आणि तिच्यातून दरवर्षी सुमारे २२,००० टन स्फुरद येते असा अंदाज आहे. झाडे तोडून जाळली, की राखेतली द्रव्ये काही पावसाळ्यांतच धुऊन जातात. तिथे वैविध्य असूनही अरण्य कोसळले असे म्हणणे म्हणजे भिंत पाडल्यावर विटांना नावे ठेवण्यासारखे आहे.

हे केवळ उष्ण प्रदेशात घडते असेही नाही. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रुक येथे १९६५ च्या अखेरीस एका पाणलोटातील सगळी झाडे तोडून तिथेच पडू दिली आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशके मारून काही उगवू दिले नाही. पालापाचोळा कुजवणारे आणि त्यातून नायट्रेट तयार करणारे जिवाणू आपले काम करत राहिले. ते उचलणारी मुळे मात्र राहिली नव्हती. ओढ्याच्या पाण्यातील नायट्रेट चाळीस पटींहून अधिक वाढले, आणि सोबत कॅल्शियम व पोटॅशियमही वाहून गेले. चक्राची एकच कडी काढली होती.

खारफुटीबद्दल थोडक्यात: तिथे भरतीचे पाणी सतत गाळ आणि पोषकद्रव्ये आणून टाकते, आणि आपण मोजलीत ती फक्त झाडे. चिखलातले खेकडे आणि अगणित जिवाणूही त्या हिशोबात धरायला हवेत.

राहता राहिले खताचे पोते. इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे १८५६ पासून एका कुरणाच्या तुकड्यांवर वेगवेगळी खते घातली जात आहेत. बिनखताच्या तुकड्यांत आजही चाळीसच्या आसपास प्रजाती सापडतात. अमोनियम सल्फेटचे भरपूर डोस आणि चुना नाही, अशा आम्लधर्मी तुकड्यांत दोनतीन. खताने गवत वाढते हे खरे, पण खत द्रव्य पुरवते, ते धरून ठेवत नाही. पिकाने न उचललेले नायट्रेट हबर्ड ब्रुकच्या ओढ्यासारखेच पाण्याबरोबर निघून जाते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पोते आणावे लागते.

मूळ लेखातील ते वाक्य आजच बदलते आहे. आता तिथे असे असेल: ‘एकच काम निरनिराळ्या परिस्थितीत करू शकणाऱ्या प्रजाती जिथे अधिक, तिथे एकूण उत्पादन आणि पोषकद्रव्यांचे चक्र धक्क्यानंतरही चालू राहण्याची शक्यता अधिक.’ वाक्य पूर्वीइतके सुटसुटीत राहिले नाही, याला कारण आपण.