अश्लीलतेचा बंदोबस्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात नको

ब्लेंडर, क्रिटा, गिम्प यांसारख्या कलानिर्मितीच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातच प्रौढ आशय तयार करण्यास मनाई करावी, म्हणजे बनावट नग्नचित्रांचा प्रश्न मुळातच सुटेल, अशी मागणी समाजमाध्यमांवर जोरात फिरते आहे. तिच्यामागची कळकळ खरी आहे. एखाद्या मुलीचा चेहरा परक्या शरीरावर चिकटवून ते चित्र गावभर फिरवले जाते तेव्हा तिच्यावर काय गुदरते, हे पाहिलेला कोणीही त्या कळकळीला नावे ठेवणार नाही. परंतु या मागणीसाठी दिली जाणारी कारणे तपासली, तर त्यांतले एकही टिकत नाही.

पहिले कारण असे की, प्रौढ आशय म्हणजे काय हे सर्वांना कळते, उगाच व्याख्येचा घोळ घालू नये. मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी २०२३ मध्ये एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी या चित्रकारांची परदेशातून आणलेली सात चित्रे अश्लील म्हणून अडवली आणि पुढे ती जप्त करण्याचा आदेश काढला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील ठरत नाही, असे स्पष्ट केले. याच पदमसींवर १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातील प्रदर्शनावरून खटला झाला होता आणि त्यातूनही ते निर्दोष सुटले होते. सुमारे सत्तर वर्षांच्या अंतराने एकाच चित्रकाराच्या कामाबाबत सरकारी यंत्रणेची दोनदा चूक झाली, आणि दोन्ही वेळा ती न्यायालयात दुरुस्त होऊ शकली. परवान्यातील कलमाचा अर्थ मात्र प्रथम सॉफ्टवेअरचा मालक लावतो, आणि त्याच्याशी न्यायालयात भांडण्याची ऐपत एकट्या कलाकाराकडे क्वचितच असते. त्रिमित पात्र घडवणारा कलाकार आधी उघडे शरीरच घडवतो, कपडे त्यावर नंतर चढतात. कलाशाळेत नग्न मॉडेल समोर बसवून शरीररचनेचा अभ्यास होतो, आणि स्तनांची स्वतःच तपासणी करायला शिकवणाऱ्या आरोग्यचित्राला स्तन दाखवावेच लागतात. या सर्वांनी काम सुरू करण्यापूर्वी वकील गाठावा, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

दुसरे कारण सर्वांत प्रभावी वाटते: अशा बंदीमुळे पीडितेला संरक्षण मिळेल. परवाना हा मालक आणि वापरणारा यांच्यातला व्यवहार असतो. पीडिता त्यात पक्षकार नसते, त्यामुळे तो मोडला तरी दाद मागण्याचा हक्क मालकाचा, तिचा नव्हे. तिच्या हाती काही असेल तर तो कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-अ कलमाखाली लैंगिक कृत्य दाखवणारा मजकूर प्रसारित करणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलांच्या बाबतीत ६७-ब हे वेगळे, अधिक व्यापक कलम आहे. २०२१ च्या नियमांनी तर बनावट केलेल्या चित्रांसकट असा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचे बंधन समाजमाध्यमांवर घातले. तुरुंगाला न भिणारा माणूस परवान्यातील कलमाला भिईल, हे मला तरी पटत नाही. शिवाय घरच्या संगणकावर, इंटरनेटविना चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोण काय काढतो आहे हे मालकाला कळायचे, तर प्रत्येक कलाकाराच्या फाइलींवर पाळत ठेवावी लागेल. ज्या खासगीपणासाठी आपण झगडतो आहोत, तोच मोडून हे संरक्षण उभे राहणार.

तिसरे कारण, ब्लेंडरसारख्या मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात ही एकच अट वाढवायला काय हरकत आहे? हरकत अशी की, ती वाढवताच तो परवाना मुक्त राहत नाही. प्रोग्राम कोणत्याही हेतूने चालवण्याची मोकळीक हे मुक्त सॉफ्टवेअरचे पहिलेच स्वातंत्र्य आहे, आणि जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचलित परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत तर बाहेरून जोडलेली असली जादा बंधने काढून टाकण्याची मुभा सातव्या कलमातच दिलेली आहे. प्रोग्रामर डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या माहिती साठवण्याच्या पद्धतीसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे, एवढे एकच वाक्य घातले होते. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीच्या प्रकल्पाने तेवढ्यावरून तो परवाना मुक्त मानला नाही, आणि मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या अपाचे संस्थेने २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांत त्याला मज्जाव केला. चांगले कोणते हे ठरवणारा कोण, हा प्रश्न तिथेही अनुत्तरितच होता.

शेवटी सांगितले जाते की एआय मॉडेलांच्या परवान्यांत अशी बंदी आहेच. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन हे चित्रे तयार करणारे एआय मॉडेल ज्या परवान्याखाली आले, त्यात मुलांचे शोषण, छळ, बदनामी यांना मनाई आहे, प्रौढ आशयाला सरसकट नाही. म्हणजे तिथेही रेघ नग्नतेवर नव्हे, तर कोणाला तरी होणाऱ्या इजेवर ओढलेली आहे. अर्थात ब्लेंडरला लागू होणारा सर्व युक्तिवाद मी अशा मॉडेलांना लावणार नाही, कारण ब्लेंडर रिकाम्या हाती येते आणि मॉडेल मात्र गोळा केलेल्या चित्रांवर शिकून येते. स्टेबल डिफ्यूजन ज्या संग्रहातील चित्रांवर शिकले, त्या पाच अब्जांहून अधिक चित्रांच्या लायन संग्रहात बाल लैंगिक शोषणाच्या संशयित चित्रांचे दुवे असल्याचे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दाखवून दिले, आणि तो संग्रह मागे घ्यावा लागला. ते दुवे संग्रहात आले तेव्हा कोणत्याही वापरकर्त्याने परवान्यावर होकाराची खूणही केलेली नव्हती. त्याचा जाब संग्रह आणि मॉडेल घडवणाऱ्यांनीच द्यायला हवा, आणि सगळी जबाबदारी वापरणाऱ्यावर ढकलणारे कलम नेमके त्यांनाच मोकळे सोडते.