फी माफ झाली, पण धाकट्या भावाला कोण बघणार?

डिसेंबरात विक्रोळीला आईकडे गेले होते. आईकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी पार्कसाइटच्या डोंगरावर राहतात. त्यांना ताप होता, म्हणून एका दुपारी डबा घेऊन मी वर चढले. दारात त्यांची आठवीतली मुलगी बसली होती. दीड वर्षाचा भाऊ तिच्या मांडीवर झोपला होता. डावा हात त्याच्या मानेखाली आणि उजव्या हाताने जमिनीवरच्या वहीत बीजगणित चाललेलं. पान उलटायचं तर पेन दातात धरावं लागे. अक्षर मात्र मोत्यासारखं. "आज शाळा नाही का गं?" म्हटलं. "ह्याला कोण बघणार, ताई? आई बरी असली की कामावर असते. आठवड्यात दोन दिवस तरी बुडतेच माझी शाळा."

मी बाळाला घेतलं. पाऊण तासात तिने अख्खा सरावसंच संपवला.

तिच्या महापालिकेच्या शाळेत फी नाही. पुस्तकं, गणवेश, दप्तर सगळं फुकट मिळतं. म्हणजे आपण ज्यावर एवढे वाद घालतो तो अडथळा तिच्या वाटेत नाहीच.

2024-25 पासून महाराष्ट्रात 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आमच्या घरच्या ग्रुपवर मामाने लिहिलं, "आता सरकारने सगळं दिलंय, ज्यांना शिकायचं त्या शिकतील." मावसभाऊ त्यावर चिडला. त्याचं म्हणणं, ही सगळी मतांची गणितं आहेत. फीमाफी मला मनापासून हवी आहे. फीपायी थांबलेल्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. पण मामा काय नि भाऊ काय, दोघंही कॉलेजच्या दारात उभं राहून भांडताहेत. पार्कसाइटची मुलगी त्या दारापर्यंत पोचायला अजून चार वर्षं आहेत, आणि ती वर्षं दुपारी-दुपारी गळताहेत.

मी अकरा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला आहे. 1968 पासून हे मुंबईचं भगिनी-शहर आहे, आणि तेही डोंगरउतारांवर वसलेलं. इथे 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळणं हा कायद्याने हक्क आहे. जागा खरंच मिळेपर्यंत आम्हाला सात महिने थांबावं लागलं, तरी मागायला हक्क होता. आठवीतली मुलगी भावासाठी घरी राहिली, तर शाळेतून त्याच दिवशी फोन येतो.

म्हणून इकडचं सगळं उचलून तिकडे न्या, असं मी म्हणणार नाही. पश्चिम जर्मनीत 1977 पर्यंत बायकोने नोकरी करावी ती घरसंसार सांभाळून, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. आजही नोकरी करणाऱ्या जवळपास निम्म्या बायका अर्धवेळ काम करतात. लेकीची प्राथमिक शाळा दुपारीच सुटायची, त्यामुळे चार वर्षं मीही तेच केलं. पहिलीपासून दिवसभराच्या सोयीचा हक्क इथे येतोय तो 2026 च्या ऑगस्टपासून. आणि चौथीनंतर, दहाव्या वर्षीच, मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. त्यात कामगारांची आणि स्थलांतरितांची मुलं मागे पडतात, हे मी जवळून बघते आहे. ते मुंबईत कधीच येऊ नये.

पण एक गोष्ट मी इथे शिकले. मुलं सांभाळायला लागणारे तास कुणीतरी देतंच. सरकारने दिले नाहीत तर आई देते, आणि आईला कामावर जावंच लागत असेल तर मोठी बहीण देते. 2024 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं नुसत्या घरकामात जातात, पुरुषांची 88; मुलं सांभाळण्याचा वेळ त्याहून वेगळा. ही पाहणी सहा वर्षांच्या आणि त्यापुढच्या सगळ्यांची आहे, म्हणजे त्या 289 मध्ये आठवीतल्या मुलीही आल्या.

2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. मावशी चार घरी पोळ्या करतात. त्यांचं पाळणाघर कुठल्या मालकाने काढायचं? अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुलं बसतात, तीही काही तासच. मुंबईत बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था पाळणाघरं चालवते, म्हणजे हे काम आपल्याला येत नाही असंही नाही.

आणि जागा आहे. महापालिकेच्या मराठी शाळांचे पट घटताहेत, वर्ग रिकामे पडताहेत, ह्यावरही ग्रुपवर हळहळ चालते. त्या रिकाम्या वर्गांत सकाळी सात ते संध्याकाळी सात पाळणाघर चालवा. बहीण वरच्या मजल्यावर गणित करेल, भाऊ खाली झोपेल, आणि मधल्या सुट्टीत ती त्याला बघून येईल.

मामाला हेच लिहिलं. त्याचा प्रश्न आला, "पैसे कुठून आणायचे?" मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर होता, मामा. पार्कसाइटच्या शाळेत दोन खोल्या, चार ताया आणि दुपारची खिचडी त्यातून निघेल.