भाचीचा प्रश्न: नर्सिंग की रेडिओग्राफी?

बारावीचा निकाल लागल्यापासून माझी भाची एकच प्रश्न विचारते आहे, "मावशी, नर्सिंगला जाऊ की एक्स-रेकडे? पक्की नोकरी कशात मिळेल?" 19 वर्षे वॉर्डात काढल्यावर माझे मत नर्सिंगकडे झुकते, आणि ते का, हे तिच्या वयाच्या इतर मुलामुलींसाठीही इथे लिहीत आहे.

वॉर्ड कधी बंद होत नाही. सकाळ, दुपार आणि रात्र अशा तिन्ही पाळ्यांना तिथे सिस्टर किंवा ब्रदर लागतोच. सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, असा निकष आहे. प्रत्यक्षात तो फार कमी ठिकाणी पाळला जातो आणि एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळलेल्या रात्री मी विसरलेले नाही, पण याच कमतरतेमुळे शिकलेली नर्स सहसा घरी बसत नाही. याउलट लहान रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात एक किंवा दोन जागा असतात आणि त्यांवरची माणसे निवृत्त होईपर्यंत तिथेच राहतात.

रेडिओग्राफीला मी कमी लेखत नाही. सीटी आणि एमआरआयवर हात बसलेल्या तंत्रज्ञाला शहरात चांगली मागणी असते. किरणोत्साराच्या भीतीने आईवडील मुलींना या क्षेत्रापासून दूर ठेवतात, हे मात्र मला पटत नाही. अंगावर किती किरणोत्सार पडला हे मोजणारा टीएलडी बॅज छातीवर लावावा लागतो, तो ठरावीक काळाने तपासला जातो, आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) ही मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेली आहे. नियम पाळणाऱ्या विभागात प्रत्यक्ष मात्रा या मर्यादेच्या बरीच खाली राहते. खरा गैरसमज दुसराच आहे. "मी सोनोग्राफी करीन" असे भाची म्हणाली, तेव्हा मला तिला थांबवावे लागले. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे आपल्याकडे गर्भवतीची सोनोग्राफी पात्र डॉक्टरच करू शकतात. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित सोनोग्राफरला जे काम मिळते, ते इथल्या तंत्रज्ञाला मिळत नाही.

नर्सिंगची किंमत मात्र शरीराला मोजावी लागते. पाय सुजतात, कंबर धरते आणि सणासुदीलाही रात्रपाळी येते. ज्याला माणसाची विष्ठा, रक्त आणि नातेवाइकांचा संताप सहन होत नाही, त्याने केवळ नोकरीच्या खात्रीसाठी इकडे येऊ नये. त्याला एक्स-रेची खोली अधिक मानवेल. परदेशाचे दार दोन्हीकडे आहे. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-2 पातळीपर्यंत, म्हणजे कामावर अस्खलित बोलता येईल इतकी, जर्मन भाषा शिकावी लागते, आणि ती दोन-तीन महिन्यांत येत नाही.

संस्थेबाबत मी सर्वांत कठोर आहे. ओळखीच्या एका मुलाने गल्लीतल्या एका संस्थेतून एक्स-रेचा डिप्लोमा केला. सरकारी भरतीत तो ग्राह्य धरला गेला नाही आणि वडिलांनी काढलेले कर्ज तेवढे उरले. नर्सिंगच्या महाविद्यालयाला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का आणि रेडिओग्राफीची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठासारख्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे का, हे फी भरण्यापूर्वी पाहावे.

भाचीला मी दोन्ही विभागांतल्या सहकाऱ्यांशी बोलायला घेऊन जाणार आहे. तिने आधी त्यांच्याकडून त्यांचा दिवस आणि त्यांची रात्र ऐकावी. फॉर्म आम्ही त्यानंतर भरू.