बोटीवर जायचे कागद, इथले आणि तिकडचे

गावाकडच्या ग्रुपवर परत तोच वाद सुरू आहे. बोटीवर जायला कागदपत्रं एवढी लागतात म्हणून पोरं एजंटला धरतात आणि लाखो रुपये घालवून बसतात, मग कोणीतरी लिहितंच की अमेरिकेत बघा, सगळं एका खिडकीत होतं. मी बाल्टिमोरला असतो, ग्रीन कार्डवर. आधी मुंबईच्या सीडीसीवर (आपल्याकडचं खलाशाचं नोंदपुस्तक) बोटी केल्यात आणि इथलं मर्चंट मरिनर क्रेडेन्शियल, म्हणजे बोटीवर काम करायचा इथला परवाना, पण काढलंय, म्हणून सांगतो, कसली खिडकी न कसलं काय.

क्रेडेन्शियल देतं कोस्ट गार्ड, पण आधी टीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याचं ट्विक कार्ड (बंदरात शिरायचं ओळखपत्र) काढा, बोटांचे ठसे द्या. मग सीजी-719बी हा मुख्य अर्ज, 719के मेडिकलचा, 719पी ड्रग टेस्टचा, वर शपथ. ड्रग टेस्ट मागच्या 185 दिवसांतली पाहिजे, आणि गंमत म्हणजे मेरिलँडमध्ये 2023 पासून गांजा कायदेशीर आहे पण हे फेडरल काम, टेस्टमध्ये निघाला की बसा घरी. ग्रीन कार्डवाल्याला फक्त रेटिंग, म्हणजे ऑफिसरच्या खालचं पद, मिळतं, ऑफिसर व्हायचं तर सिटिझन पाहिजे.

नवख्या ऑर्डिनरी सीमनला, म्हणजे डेकवरच्या सगळ्यात खालच्या खलाशाला, सी-टाइम (बोटीवर काढलेले दिवस) लागत नाही, फी 95 अधिक 45 डॉलर, विषय संपला. पण एबी (एबल सीमन, त्याच्या वरचा खलाशी) व्हायचं म्हटलं की प्रत्येक बोटीचं कंपनीच्या लेटरहेडवर पत्र हवं, बोटीचं नाव, ऑफिशियल नंबर, टनेज, तारखा, रँक, सगळं. माझ्या एका जुन्या कंपनीनं ते पत्र द्यायला इतका वेळ लावला की बायको म्हणाली सोडून दे आता. आणि 2018 च्या शेवटी सरकारचं शटडाउन झालं तेव्हा अर्ज तपासणारं ऑफिसच बंद होतं, हे पण अमेरिकेतच झालं हं.

म्हणजे कागद इथेही भरपूर. फरक एवढाच की कुठल्या पदाला काय लागतं त्याची चेकलिस्ट उघड आहे, आणि मेडिकल कुठल्याही लायसन्सवाल्या डॉक्टरकडे चालतं, आपल्यासारखं डीजी शिपिंगचा (जहाजांचं केंद्र सरकारी खातं) मान्यताप्राप्त डॉक्टर शोधत फिरायला नको. पैसे घेऊन फॉर्म भरून देणारे इथेही आहेत, पण ते फॉर्मच भरतात, नोकरी विकत नाहीत.

खरी मेख तिथे आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला पोरगा एजंटला पैसे देतो ते कागदासाठी नाही, जॉइनिंगसाठी देतो. सीडीसी हातात असते, बोट नसते. इथे 1920 च्या जोन्स अ‍ॅक्टमुळे अमेरिकन बंदरातून अमेरिकन बंदरात माल न्यायचा तर बोट आणि बहुतेक माणसं इथलीच लागतात, त्यामुळे क्रेडेन्शियलवाल्याला निदान टगवर (मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीवर) तरी काम सापडतं. (या कायद्यानं माल महाग होतो म्हणून शिव्या घालणारेही कमी नाहीत, ते असो.) आपल्याकडे अर्ज एका पानाचा केला तरी बोटी वाढणार आहेत का?

उलट आपला नियम कागदावर चांगला कडक आहे. 2016 च्या नियमांप्रमाणे नोकरी लावायला खलाशाकडून पैसे घेणंच बेकायदा, आणि आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स, असलेल्या कंपन्यांची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर कोणालाही बघता येते. तेव्हा ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी "ओळखीचा माणूस आहे" म्हणून एजंटचा मोबाइल नंबर टाकलाय त्यांनी त्याचा आरपीएसएल नंबर पण टाका ना, बघू किती जण टाकतात.